चेंडू आधी की पाय आधी?

शालेय बास्केटबॉलच्या सामन्यात एक ओरड हमखास ऐकू येते. एखादी मुलगी चेंडू घेऊन रिंगकडे झेपावली की रेषेबाहेरून दहा गळे एकदम ओरडतात, "सर, स्टेप! सर, तीन स्टेप झाल्या!" पंचाच्या तोंडात शिट्टी असते, दोन्ही संघांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात आणि निर्णय द्यायला अर्धा सेकंदही नसतो. धाराशिव जिल्ह्यात शारीरिक शिक्षण शिकवता शिकवता तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत मी अनेक वर्षं हा अर्धा सेकंद अनुभवला आहे. "सर, बास्केटबॉलला पंच कमी पडतायत, जरा उभे राहता का?" असा फोन ज्यांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी येतो, त्या शिक्षकांसाठी आणि नव्यानं शिट्टी हातात घेणाऱ्या माजी खेळाडूंसाठी हा लेख आहे. विषय एकच, ट्रॅव्हलिंग. म्हणजे चेंडू हातात धरून नियमाबाहेर पाय हलवणं.

आपला जिल्हा खो-खोचा. सारिका काळे इथलीच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. उमरग्यापासून परंड्यापर्यंत कुठल्याही शाळेत जा, मैदानावर दोन खांब रोवलेले दिसतील. बास्केटबॉलची रिंग मात्र मोजक्या ठिकाणी. मुंबईच्या नागपाड्यात अब्बास मुंतसिर यांच्यासारखे अर्जुन पुरस्कार मिळवणारे खेळाडू घडले, तिथल्या पोरांच्या कानावर ड्रिबलचा आवाज लहानपणापासून पडतो. आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांनी हा खेळ प्रशिक्षण महाविद्यालयात एका सत्रापुरता पाहिलेला असतो. त्यामुळे ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजवताना हात कचरतो, नाहीतर प्रेक्षकांच्या ओरडण्याबरोबर आपोआप वाजते.

मला मात्र अनुभवानं असं वाटतं की ट्रॅव्हलिंग ओळखायला लागणारी नजर खो-खोच्या पंचाकडे आधीच असते. खो-खोत बसलेली आक्रमक खो मिळण्याआधी उठली की फाऊल. तिथं पंच काय पाहतो? खो आधी मिळाला की ती आधी उठली? दोन घटना, आणि त्यांतली पहिली कोणती. बास्केटबॉलमधलं ट्रॅव्हलिंगही बहुतेक वेळा असंच सुटतं. चेंडू आधी की पाय आधी? पावलं मोजत बसलात तर गोंधळाल. क्रम पाहिलात तर दिसेल.

हा नियम आला कुठून तेही सांगतो, कारण कारण कळलं की नियम डोक्यात पक्का बसतो. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथं जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हा खेळ तयार केला. हिवाळ्यात मुलांना बंदिस्त व्यायामशाळेत खेळवायचं होतं आणि लाकडी फरशीवर धक्काबुक्की नको होती. त्याचा विचार सरळ होता. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवण्यासाठी लोक त्याच्या अंगावर झेप घेतात. पळायलाच बंदी केली तर अंगावर झेपायची गरज उरणार नाही. म्हणून त्याच्या पहिल्या १३ नियमांत स्पष्ट होतं की चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथं झेलला तिथूनच फेकायचा. पण भरधाव पळताना झेलणाऱ्याला जागच्या जागी थांबता येत नाही हे त्यालाही माहीत होतं, म्हणून अशा खेळाडूला थोडी सूट दिली होती. आजची दोन पावलांची मुभा त्या सुटीतूनच वाढत आली. तेव्हा दोन पावलं हा खेळाडूचा हक्क आहे, पंचाची मेहेरबानी नव्हे, हे आधी मनाशी पक्कं करा.

आता प्रत्यक्ष कोर्टवर येऊ. पहिली आणि सगळ्यात सोपी स्थिती म्हणजे खेळाडू उभी आहे आणि तिच्या हातात चेंडू आला आहे. दोन्ही पाय जमिनीवर असताना तिनं चेंडू झेलला तर कुठलाही एक पाय ती पिव्होट करू शकते. एक पाय उचलला की दुसरा त्याच क्षणी पिव्होट झाला. त्यानंतर उचललेला पाय कितीही वेळा, कुठल्याही दिशेला फिरवा, पिव्होट मात्र जागेवरून हलता कामा नये. खळ्यात मळणीचे बैल तिवड्याभोवती फिरतात. बैल फिरतो, तिवडा हलत नाही. मुलांना पिव्होट शिकवताना मी हेच उदाहरण देतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ते लगेच कळतं. ज्यांनी खळं पाहिलेलं नाही, त्यांना कंपासचं टोक आणि पेन्सिल सांगतो.

आता ही उभी असलेली खेळाडू ड्रिबल सुरू करते. इथंच आपल्या शालेय सामन्यांमधलं सर्वाधिक ट्रॅव्हलिंग घडतं आणि इथंच सर्वाधिक सुटून जातं. नियम असा की पिव्होट पाय जमिनीवरून उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असला पाहिजे. बऱ्याच मुलींना पहिल्या फटक्यात प्रतिस्पर्ध्याला मागं टाकायचं असतं. त्या डावा पाय पिव्होट करून उभ्या असतात, उजवा पुढं टाकतात, अंग झुकवतात, डाव्याची टाच आणि मग चवडाही उचलतात आणि त्यानंतर चेंडू जमिनीकडे जातो. बघणाऱ्याला ती मुलगी चपळ वाटते. टाळ्याही पडतात. पण समोर हात पसरून उभी असलेली बचावपटू मुलगी? तिनं पवित्रा बरोबर घेतला होता, नजर बरोबर ठेवली होती आणि ती हरली ते समोरचीनं पाऊलभर आधीच पळ काढल्यामुळे. बचाव करणाऱ्या मुलीच्या बाजूनं मैदानात कोणी ओरडत नाही. तिची बाजू घेण्याचं काम पंचाचंच आहे. म्हणून या जागी मी कडक आहे आणि तुम्हीही असावं असं मला मनापासून वाटतं.

हे पाहायची एक युक्ती सांगतो. चेंडू कोणाच्या हातात आला की लगेच एकदा पायांकडे पाहा आणि मनात पायाचं नाव घ्या, "डावा" किंवा "उजवा". मग नजर बचावपटूवर न्या, कारण फाऊल तिथं घडणार असतो. नाव मनात घेतलं असलं की तो पाय हलताच डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतो. नाव न घेता उभे राहिलात तर नंतर दोन्ही पाय हललेले दिसतात आणि नेमका कुठला पाय चुकला हे सांगता येत नाही.

पास किंवा शॉटचा नियम वेगळा आहे, आणि त्याची सरमिसळ अनुभवी शिक्षकांकडूनही होते. पास देताना किंवा शॉट घेताना पिव्होट पाय उचलायची परवानगी आहे. उडीही मारता येते. अट एवढीच की कुठलाही पाय परत जमिनीला लागण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. म्हणजे ड्रिबलसाठी चेंडू सुटणं आणि पाय उचलणं यांचा क्रम पाहायचा, आणि पास-शॉटसाठी चेंडू सुटणं आणि पाय टेकणं यांचा. मुलगी शॉटसाठी उडाली, समोर उंच हात आला, ती घाबरली आणि चेंडू घेऊन तशीच खाली आली, हे ट्रॅव्हलिंग. पण वर असतानाच प्रतिस्पर्ध्याचा हातही चेंडूवर घट्ट बसला आणि दोघी चेंडू धरून खाली आल्या, तर ते ट्रॅव्हलिंग होत नाही, तो जम्प बॉलचा प्रसंग. ही शिट्टी देताना चेंडूवर किती हात होते ते पाहिलेलं असावं लागतं, म्हणून उडीच्या वेळी नजर पायांवरून वर गेलेली बरी.

आता पळतानाचं. सगळी भांडणं इथली.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघानं, म्हणजे फिबानं, हा नियम १ ऑक्टोबर २०१७ पासून बदलला. त्याआधी शिकलेल्या शिक्षकांच्या डोक्यात अजून जुनाच हिशोब असतो, आणि मुलं मोबाइलवर परदेशी खेळाडूंच्या क्लिप पाहून नवीन पावलं टाकतात. मग पंच आणि खेळाडू दोघंही स्वतःला बरोबर समजतात. नव्या नियमाप्रमाणे, पळताना किंवा ड्रिबल संपवताना खेळाडूनं चेंडू ताब्यात घेतला त्या क्षणी जो पाय जमिनीवर आहे, तो मोजायचा नाही. त्याला आपण शून्य म्हणू. त्यानंतर जमिनीला लागणारा पाय पहिलं पाऊल, त्यानंतरचा दुसरं. या दोन पावलांत तिनं थांबावं, पास द्यावा किंवा शॉट घ्यावा. उजव्या हातानं ले-अप टाकणारी मुलगी घ्या. डावा पाय जमिनीवर असताना चेंडू हातात आला, शून्य. उजवा पडला, एक. डावा पडला, दोन. उडी, आणि चेंडू बोर्डाकडे. बुटांचे तीन आवाज ऐकू आले आणि सगळं नियमात आहे. रेषेबाहेरचे ओरडतात "तीन स्टेप!" आणि कानानं ऐकलेलं त्यांचं खरंच असतं. पण पंचाला कान पुरत नाहीत. त्याला हे ठाऊक असावं लागतं की चेंडू धरला कधी.

धरणं म्हणजे काय, याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ड्रिबल चालू असताना चेंडू जमिनीवरून उसळून हाताला लागतो, हात त्याच्यावर असतो, पुन्हा खाली ढकलतो. या काळात खेळाडूनं कितीही पावलं टाकली तरी ट्रॅव्हलिंग नाही. चेंडूला दोन्ही हात एकाच वेळी लागले, किंवा एका हातावर चेंडू विसावला, की ड्रिबल संपलं आणि मोजणी सुरू. बहुतेक प्रेक्षक, आणि बरेचसे प्रशिक्षकही, शेवटचा टप्पा पडला तिथूनच मोजायला लागतात. टप्पा पडणं आणि चेंडू धरणं यांच्यात चांगल्या खेळाडूकडून एक अख्खं पाऊल पडून जातं. ते पाऊल फुकटचं आहे. म्हणून मी मनात "धरला" असं म्हणतो आणि मगच मोजतो. "धरला, एक, दोन." "धरला" या शब्दाच्या आधी काहीही मोजायचं नाही. तुम्हीही सराव सामन्यात हे पुटपुटत पाहा. पहिल्या दिवशी अडखळाल, चौथ्या-पाचव्या सामन्यात शब्द आपोआप जागेवर पडतील.

चेंडू पकडताना तो हातातून निसटला, हातांत उडत राहिला आणि ती धावत धावत त्याच्यामागं गेली, तर ती धडपड आहे, ताबा नव्हे. ताबा नाही तिथं ट्रॅव्हलिंग नाही. दिसायला ते फार विचित्र दिसतं. विचित्र दिसतं म्हणून शिट्टी वाजवायचा मोह होतो, आणि तो आवरायला शिकावं लागतं.

पळताना पास झेलून पुढं ड्रिबल करणाऱ्या खेळाडूसाठी एक वेगळी अट आहे. तिनं दुसरं पाऊल पडायच्या आत चेंडू जमिनीकडे सोडला पाहिजे. ले-अपसाठी दोन पावलं पूर्ण मिळतात, ड्रिबल सुरू करायला तेवढी मिळत नाहीत. जलद हल्ल्यात लांब पास झेलून सुटणाऱ्या मुलींकडून ही चूक वारंवार होते आणि पंच मागं राहिलेला असल्यामुळे ती दिसतच नाही. धावण्याला इथं पर्याय नाही. पंचही दमेपर्यंत पळाला पाहिजे.

थांबण्याच्या दोन पद्धती ओळखता यायला हव्यात. पहिलं पाऊल एकाच पायावर पडलं तर तोच पिव्होट, दुसरा पाय नव्हे. आणि पहिल्या पावलावरून उडी मारून दोन्ही पायांवर एकदम थांबली तर तिला आता पिव्होट करताच येत नाही. ती पाय उचलू शकते, पण परत टेकण्याआधी पास किंवा शॉट झालाच पाहिजे. उडी मारून दोन्ही पायांवर छान थांबायचं आणि मग निवांत पिव्होट करत फिरायचं, हे आपल्याकडच्या सामन्यांत सर्रास चालतं. पंचांना ते सुबक वाटतं म्हणून चालतं.

आणि लंगडी नको. चेंडू ताब्यात घेतल्यावर एकाच पायानं लागोपाठ दोनदा जमिनीला लागायचं नाही. आपल्या मुली लंगडी खेळत वाढलेल्या, तोल सावरायला एका पायावर छोटी उडी त्यांना अगदी सहज जमते. ती उडी टिपा. पाऊल मोजायचं इथं कारणच नाही, तोच पाय दोनदा पडला एवढं पुरे.

पडण्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. काही वर्षांपूर्वी एका शालेय सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, एक मुलगी मोकळ्या चेंडूवर झेपावली. चेंडू तिनं पोटाशी धरला आणि सिमेंटच्या कोर्टवरून दोनएक फूट घसरत गेली. दोन्ही गुडघे सोलवटले होते. मी शिट्टी वाजवली, ट्रॅव्हलिंग. चेंडू दुसऱ्या संघाला गेला आणि त्यांनी जिंकलं. तिच्या शिक्षकांनी काही वाद घातला नाही. त्या रात्री मी नियमपुस्तक उघडलं आणि पंचविसावा नियम ओळीओळीनं वाचला. चेंडू धरून पडणं आणि पडून घसरणं, दोन्ही कायदेशीर आहे. जमिनीवर बसलेल्या किंवा पडलेल्या खेळाडूनं चेंडू मिळवणंही कायदेशीर आहे. त्यानंतर चेंडू धरून ती लोळली, किंवा चेंडू धरून उठायला लागली, तर ट्रॅव्हलिंग. पडलेल्या मुलीनं काय करायचं? बसल्या जागेवरून पास द्यायचा, किंवा चेंडू आधी जमिनीकडे ड्रिबल करून मग उठायचं. पुन्हा तेच, आधी चेंडू, मग अंग. त्या मुलीनं सगळं बरोबर केलं होतं आणि तिला शिक्षा झाली. ती चूक माझ्या अभ्यासाच्या कमतरतेची होती. तेव्हापासून स्पर्धेच्या आदल्या रात्री मी हा नियम वाचल्याशिवाय झोपत नाही, पाठ झालेला असला तरी.

आता उभं कुठं राहायचं ते. दोन पंचांच्या पद्धतीत एक रिंगजवळच्या रेषेवर असतो, लीड, आणि दुसरा मागून येतो, ट्रेल. बाहेरच्या बाजूला चेंडू खेळवणाऱ्या मुलीचे पाय ट्रेलनं पाहायचे, रिंगखाली पाठमोरी वळून खेळणाऱ्या उंच मुलीचे लीडनं. पंधरा मीटरवरून दुसऱ्याच्या हद्दीतली ट्रॅव्हलिंग पकडायची घाई करू नका. तिथून पाय आणि चेंडू यांचा क्रम दिसत नाही, फक्त हालचाल दिसते. उलट फार जवळ उभे राहिलात तर छाती आणि चेंडू दिसतो, पाय नजरेबाहेर जातात. चेंडू आणि बूट एकाच नजरेत मावतील इतकं अंतर ठेवा. मला चार-पाच मीटर बरे पडतात. आणि दोन खेळाडूंच्या मधली फट ज्या बाजूनं दिसते त्या बाजूला सरका. बचावपटूच्या पाठीमागं अडकलेल्या पंचाला पिव्होट दिसूच शकत नाही.

रिंगखालच्या मुलीबद्दल एक जादा सूचना. तिथं ट्रॅव्हलिंग आणि फाऊल एकमेकांत मिसळलेले असतात. मागून धक्का लागला म्हणून पिव्होट पाय सरकला असेल तर आधी धक्का पाहा. पाय सरकलेला दिसतो म्हणून ट्रॅव्हलिंग दिली की धक्का मारणारीला बक्षीस मिळतं. क्रम इथंही तोच, धक्का आधी की पाय आधी?

आपल्या कोर्टांची स्थिती तुम्हाला माहीत आहे. कुठं सिमेंट, कुठं मुरूम. सिमेंटवर धूळ साचली की बूट घसरतो आणि नको तिथं शिट्टी वाजते. सामन्याआधी कोर्ट झाडून घ्या, मुरमावर सकाळी पाण्याचा सडा मारून रोलर फिरवा. यजमान शाळेला हे सांगायला संकोच करू नका. पंच कोर्टची पाहणी करतो तेव्हा रिंगबरोबर जमीनही पाहिली पाहिजे.

मुरमाचं कोर्ट पंचांच्या सरावासाठी मात्र फार उपयोगी आहे. माझ्या शिकण्यातला मोठा वाटा मुरमाचा आहे. सडा मारून जरा सुकलेल्या जमिनीवर एका मुलीला उभं करा, चेंडू द्या आणि दहा वेळा ड्रिबल सुरू करायला सांगा. तुम्ही फक्त पाहा आणि प्रत्येक वेळी मनात ठरवा, ट्रॅव्हल की नाही. मग खाली वाका. बरोबर फिरलेल्या पिव्होटखाली ताटलीसारखा गोल, गुळगुळीत खड्डा उमटतो, त्याच्या कडेला मातीची बारीक चकती वर आलेली असते. फरफटलेल्या पायाखाली लांबट ओरखडा दिसतो, बोटभर, कधी वीतभर, आणि त्याच्या टोकाला माती ढकललेली असते. ओरखड्यात बुटाच्या टाचेच्या रेघा दिसल्या तर पाय आधी सरकला आणि मग उचलला. खड्डा स्वच्छ असेल आणि शेजारीच दुसरा ठसा असेल तर तिनं पाय उचलून परत टेकला. तुमचा निर्णय आणि जमिनीवरचा ठसा जुळतो का ते तपासा. दहापैकी सहा जुळले की समजा डोळा तयार व्हायला लागला आहे. ठसा जागेचं सांगतो, वेळेचं सांगत नाही. चेंडू आधी सुटला की पाय आधी उचलला, यासाठी शेजारच्या कोणाला तरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा आणि दोन्ही एकत्र पाहा. असा तासभर गेला की तो चार सामन्यांइतका शिकवतो.

आणखी एक सराव आपल्याच खेळाचा. खो-खोच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहा आणि त्या दिवशी फक्त उठणं पाहा. खो आणि उठणं, खो आणि उठणं. मग धावणाऱ्या आक्रमकाच्या खांद्याची रेषा पाहा, दिशा घेतल्यावर ती काटकोनापलीकडे वळली की फाऊल. अंगाच्या एका भागावर नजर ठेवून दुसऱ्याचं भान राखायची ही सवय बास्केटबॉलमध्ये जशीच्या तशी कामी येते. खो-खो आणि बास्केटबॉल दोन्ही पाहणारे शिक्षक आपल्या जिल्ह्यात बरेच आहेत. त्यांनी स्वतःला बास्केटबॉलमध्ये कच्चं समजायचं कारण नाही.

शिट्टी वाजवल्यावरचं काम थोडक्यात. एक जोरदार शिट्टी आणि त्याच वेळी उघड्या तळव्याचा हात सरळ वर, म्हणजे घड्याळ थांबेल. मूठ वर करू नका, ती फाऊलची खूण आहे. मग छातीसमोर दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवा, आणि मग ज्या संघाला चेंडू मिळणार त्यांची दिशा बोटानं दाखवा. चेंडू चूक घडली त्याच्या जवळच्या रेषेबाहेरून आत येतो, बोर्डाच्या थेट मागून मात्र नाही. ट्रॅव्हलिंगनंतर टाकलेली बास्केट धरली जात नाही. हा वैयक्तिक फाऊल नाही, तेव्हा गुणलेखकाच्या टेबलावर नवी मुलं बसली असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एखादीच्या नावासमोर उगाच फाऊल चढतो. आणि थ्रो-इन करणाऱ्या खेळाडूनं रेषेबाहेर पाय हलवला म्हणून ट्रॅव्हलिंग देऊ नका. तिला हा नियम लागू नाही, तिच्यासाठी वेगळ्या मर्यादा आहेत.

चौदा वर्षांखालच्या सामन्यांत किती सांभाळून घ्यायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पहिल्यांदाच जिल्ह्याला आलेल्या मुलींचा संघ असतो, दर दोन मिनिटांना शिट्टी वाजवली तर खेळच होत नाही, असं शिक्षक म्हणतात. मला त्यांची तळमळ कळते. तरी माझं मत असं की नियम सैल करू नये, त्याऐवजी सामन्याआधी पाच मिनिटं द्यावीत. दोन्ही संघांना एकत्र बोलवा, एकीच्या हातात चेंडू द्या आणि ड्रिबल सुरू करतानाचं योग्य पाऊल आणि चुकीचं पाऊल दोन्ही करून दाखवा. "आज हे धरणार आहे" असं सांगा. मग पहिल्या क्वार्टरपासून शेवटपर्यंत तेच धरा. पहिल्या क्वार्टरमध्ये सोडलं आणि शेवटच्या मिनिटाला धरलं, तर हरलेल्या मुलींना जन्मभर ते बोचतं.

शंका असेल तर शिट्टी वाजवू नका. ही माझी पक्की सवय झाली आहे. घडलेलं दिसलं तर वाजवा, घडलं असावं असं वाटलं तर नको. आणि दिसलं की नाही हे तपासायला स्वतःलाच एक प्रश्न विचारा, कोणता पाय? उत्तर लगेच आलं, "डावा उचलला, मग चेंडू सोडला", तर तुमची शिट्टी बरोबर आहे आणि कोणत्याही कर्णधाराला तुम्ही ती एका वाक्यात समजावू शकता. उत्तर यायला वेळ लागला तर तुम्ही पाहिलेलं नाही, लोकांचं ऐकलेलं आहे.

गेल्या हंगामात एका सामन्यानंतर मी शिट्टी रुमालात गुंडाळत होतो. चौदा वर्षांखालच्या हरलेल्या संघातली एक मुलगी बूट हातात घेऊन, मोजे मातीनं भरलेले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, तुम्ही दोनदा स्टेप दिली. माझा कोणता पाय चुकला?" मी म्हटलं, "डावा, बाळा. दोन्ही वेळा डावा. चेंडू सोडायच्या आधी चवडा उचलतेस." तिनं मान हलवली, बूट खाली टाकले, नाडी न बांधताच पायात घातले, आणि बाजूला पडलेला चेंडू उचलून रिकाम्या कोर्टवर गेली. डावा पाय रोवून तिनं चेंडू आधी टाकला, मग पाऊल. परत आली. पुन्हा टाकला. त्यांची जीप फाटकाबाहेर हॉर्न वाजवत होती.